तेजाबानंतरचे काम

धातुकातील किंवा टाकाऊ वस्तूतील हवा तो धातू योग्य अशा द्रवात विरघळवून घ्यायचा, न विरघळणारा चोथा गाळून बाजूला काढायचा आणि मग त्या द्रावणातून धातू पुन्हा घनरूपात मिळवायचा, या रीतीला धातुविज्ञानात अपक्षालन म्हणतात. भट्टीच्या मार्गाने जाणारे धातुकाम हजार अंशांच्या पुढच्या तापमानावर चालते आणि त्याला भरपूर माल, इंधन व भांडवल लागते. अपक्षालन मात्र बहुधा शंभर अंशांच्या खाली, पुष्कळदा खोलीच्या तापमानावरही होते आणि एखाद्या गाळ्यात मावेल एवढ्या जागेतही मांडता येते. कारखान्यांतील गाळ, निकामी उत्प्रेरक, जुन्या बॅटऱ्या आणि संगणक-मोबाइलमधील सर्किट बोर्ड यांतून धातू परत मिळवण्यासाठी ही पद्धत जगभर पसरली ती या सुटसुटीतपणामुळे, आणि ती बदनाम झाली तीही त्याच सुटसुटीतपणामुळे. धातू विरघळवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. एकत्र विरघळलेल्या अनेक धातूंपैकी एकेक वेगळा काढणे आणि शेवटी उरलेल्या द्रवाची जबाबदारी घेणे हे अवघड काम तेथून पुढे सुरू होते.

या पद्धतीच्या सर्वांत जुन्या रूपांपैकी एक तांब्याचे आहे. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवला की त्यावर तांब्याचा लालसर थर चढतो, हा शाळेतील प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते स्वतः द्रावणात उतरते आणि तांब्याला बाहेर पडायला लावते, म्हणून या क्रियेला विस्थापन म्हणतात. चीनमध्ये सोंग राजवटीच्या काळात डोंगरातून झिरपणाऱ्या निळ्या पाण्यात लोखंड ठेवून मोठ्या प्रमाणावर तांबे मिळवले जात होते आणि पुढे स्पेनमधील रिओ तिंतोच्या खाणींतही हीच रीत रुजली. त्या पाण्यात तांबे मुळात कोण उतरवत होते, याचा उलगडा व्हायला मात्र १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील कोळसाखाणींच्या आम्लधर्मी पाण्यात लोहाचे ऑक्सिडीकरण करून जगणारे जिवाणू सापडले आणि खनिजे विरघळवणारे हे कामगार डोळ्यांना न दिसणारे असल्याचे कळले.

सोन्याची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याला एकटे कोणतेही नेहमीचे आम्ल लागत नाही. एक भाग नायट्रिक आम्ल आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणात, म्हणजे आम्लराजात, ते विरघळते, कारण नायट्रिक आम्ल सोन्याचे जे अत्यल्प ऑक्सिडीकरण करते त्यातून सुटलेले आयन क्लोराइड लगेच धरून ठेवते आणि त्यामुळे थांबलेली क्रिया पुढे सरकत राहते. १९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत सुरक्षिततेसाठी ठेवलेली माक्स फोन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची नोबेल पदके गेओर्ग द हेवेशी यांनी आम्लराजात विरघळवली; झडतीत त्या बाटलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही आणि युद्धानंतर त्यातूनच परत मिळवलेल्या सोन्याची पदके पुन्हा घडवण्यात आली. विरघळलेले सोने नाहीसे होत नाही, हे तत्त्व इतक्या कमी साहित्यात क्वचितच कोणी सिद्ध केले असेल.

खाणीसाठी मात्र आम्लराज परवडणारे नाही. १८८७ मध्ये ग्लासगो येथे जॉन स्ट्युअर्ट मॅकआर्थर आणि रॉबर्ट व विल्यम फॉरेस्ट हे बंधू यांनी सायनाइडच्या अतिसौम्य द्रावणात हवेतील ऑक्सिजनच्या मदतीने सोने विरघळवून जस्तावर ते परत मिळवण्याची पद्धत मांडली आणि काही वर्षांतच न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका व दक्षिण भारतातील कोलार येथे तिचा वापर सुरू झाला. २००१ मध्ये बंद पडलेल्या कोलारच्या खाणींशेजारी उभे असलेले उपसलेल्या चुऱ्याचे करडे डोंगर स्थानिक लोकांच्या तोंडी आजही ‘सायनाइड डंप’ आहेत. या पद्धतीत द्रावण सतत अल्कधर्मी ठेवावे लागते, कारण ते आम्लधर्मी झाले की हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो. जानेवारी २००० मध्ये रुमानियातील बाया मारे येथे असे सायनाइडयुक्त पाणी साठवणारा बांध फुटला आणि तिसा नदीतून डॅन्यूबपर्यंत मासे मेले, ही घटना या उद्योगाच्या प्रत्येक चर्चेत आजही निघते.

महाराष्ट्राला धातू विरघळवण्याच्या या विद्येची ओळख पाठ्यपुस्तकांतून झालेली नाही. सराफ कट्ट्यावरची केरपोतेऱ्यातील धूळ धुऊन त्यातून सोन्याचा कण वेचणारे झारेकरी हे कचऱ्यातून धातू मिळवणारे जुने कसबी होत. आणि सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडून भारतभरच्या शहरांत सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाची दुकाने थाटणारे गलाई व्यावसायिक तर अपक्षालनावरच जगतात, मग ते हा शब्द वापरोत अथवा न वापरोत. जुना दागिना मुशीत वितळवून तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, टाकला की चांदी व तांबे विरघळून सोने मागे राहील अशी अपेक्षा असते. पण सोन्याचे प्रमाण जास्त असले तर तेच आतल्या चांदीला झाकून ठेवते, म्हणून आधी मुद्दाम आणखी चांदी घालून सोने पाव हिश्श्याच्या आसपास आणावे लागते. शुद्ध करण्यासाठी प्रथम अशुद्ध करावे लागते, हा या धंद्यातील विरोधाभास पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे. तेजाबात उतरलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवतात आणि त्या व्यवहारात विरघळलेले तांबे लोखंडाने खाली आणता येते; धातूंची क्रियाशीलता श्रेणी येथे पाठ करायची नसून रोज वापरायची असते.

इलेक्ट्रॉनिक कचऱ्याने या जुन्या विद्येला नवे धातुक दिले. आज अनेक सोन्याच्या खाणी टनामागे १ ते ५ ग्रॅम सोन्यावर चालतात, तर बॅटरी काढलेल्या एक टन जुन्या मोबाइल संचांत सुमारे ३४० ग्रॅम सोने, ३.५ किलो चांदी, १४० ग्रॅम पॅलेडियम आणि १३० किलो तांबे असल्याचा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. नव्या संचांत सोन्याचा मुलामा पातळ होत चालला असला तरी खाणीशी तुलना केल्यास पारडे कचऱ्याकडेच झुकते. अडचण आहे ती हे ‘धातुक’ घराघरांतल्या कपाटांत विखुरलेले असण्याची: टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने सुमारे ७९ हजार टन छोटी उपकरणे गोळा केली, त्यांत ६२ लाखांहून अधिक मोबाइल होते, आणि त्यातून मिळालेले सोने भरले सुमारे ३२ किलो. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे.

सर्किट बोर्डावर प्रत्यक्ष काम करताना क्रम हाच सर्वस्व ठरतो. प्रथम बोर्डाचे तुकडे करून चुंबकाने लोखंड काढून घेतात. मग तांबे आधी उतरवावे लागते, कारण ते वजनाने पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते आणि तसेच ठेवले तर सोन्यासाठी आणलेले महागडे रसायन तेच फस्त करते. सौम्य सल्फ्युरिक आम्ल एकटे तांब्याला लागत नाही, त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा हवा असा एखादा ऑक्सिडीकारक सोबत द्यावा लागतो. डाख दिलेल्या जागांतील कथील याहून अधिक त्रासदायक असते: नायट्रिक आम्लात ते नीट विरघळत नाही, त्याचा पांढरट चिकट लगदा होतो, तो गाळण्या चोंदवतो आणि सोन्याचे बारीक कण पोटात घेऊन बसतो, म्हणून जाणते लोक कथील आधीच वेगळ्या आम्लाने काढून टाकतात. चांदीचेही असेच आहे, कारण आम्लराजात तिच्यावर चांदीच्या क्लोराइडचे न विरघळणारे कवच चढते आणि आतला माल कोरडाच राहतो.

द्रावण हाती आल्यावर निवडीचा प्रश्न उभा राहतो. तांब्यासाठी रॉकेलसारख्या तेलात मिसळलेले असे सेंद्रिय संयुग वापरतात जे इतर धातूंना सोडून मुख्यतः तांब्याचेच आयन उचलते. तेल व पाणी एकमेकांत घुसळून पुन्हा वेगळे होऊ दिले की तांबे तेलासोबत जाते, तेथून ते कडक आम्लात उतरवतात आणि विजेच्या साहाय्याने ऋणाग्रावर त्याचे शुद्ध पत्रे जमवतात. द्रावक निष्कर्षण नावाची ही पद्धत तांब्याच्या खाणीत व्यापारी प्रमाणावर प्रथम १९६८ मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात वापरली गेली आणि कचऱ्यापर्यंत ती खाणीकडूनच आली. सायनाइडमधील सोने सक्रियित कार्बनवर धरतात, तर आम्लराजातील सोने सोडियम मेटाबायसल्फाइटसारख्या क्षपणकाने खाली बसवतात. तेव्हा ते पिवळे, चकाकते असे दिसत नाही, तर तपकिरी भुकटी म्हणून तळाशी साचते आणि वितळवल्यावरच त्याचे ओळखीचे रूप परत येते.

उत्तर प्रदेशातील मुरादाबाद, दिल्लीतील सीलमपूर किंवा चीनमधील ग्वीयू या नावांशी जोडली गेलेली दुर्दशा रसायन चुकीचे असल्यामुळे झाली नाही. बोर्ड उघड्यावर जाळणे, राख नदीकाठी धुणे, प्लास्टिकच्या पिंपात आम्लात बोर्ड बुडवणे आणि तांबूस विषारी धुरात उभे राहून सोने गोळा करणे यांत कामाच्या पहिल्या अर्ध्या भागाचे रसायन पुष्कळसे वर सांगितलेलेच असते. मात्र सोने व तांबे काढून घेतल्यावर उरलेला द्रव, ज्यात शिसे, निकेल, कथील आणि शिलकी आम्ल असते, तो मुरादाबादच्या रामगंगा नदीत किंवा गटारात जातो. त्या द्रवाला चुन्याने उदासीन करणे, धातूंचा गाळ खाली बसवणे, तो दाबून तळोजे, रांजणगाव किंवा बुटीबोरी येथील घातक कचऱ्याच्या भरावासारख्या ठिकाणी पाठवणे यांतून काहीच उत्पन्न मिळत नाही, आणि नेमके म्हणूनच ते टाळणारा कचऱ्याला अधिक भाव देऊ शकतो. कायदेशीर कारखान्याला माल मिळत नाही अशी जी तक्रार वारंवार ऐकू येते तिचे मूळ या हिशेबात आहे. गरीब मजुराच्या अज्ञानाकडे बोट दाखवणे त्या मानाने फार सोयीचे आहे.

दुसऱ्या टोकाला बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ होबोकेन येथील युमिकोर कंपनीचा प्रकल्प आहे, जेथे भट्टी आणि अपक्षालन यांचा मेळ घातला जातो: बोर्ड व इतर टाकाऊ माल वितळवला की मौल्यवान धातू वितळलेल्या तांब्यात गोळा होतात, मग ते तांबे सल्फ्युरिक आम्लात विरघळवून विजेने वेगळे काढतात आणि न विरघळलेला चोथा मौल्यवान धातूंच्या शुद्धीकरणाला पाठवतात. या एका ठिकाणी १७ धातू मिळवले जातात. तरीही २०२० मध्ये शेजारच्या वस्तीतील मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले आणि जवळची घरे विकत घेऊन तेथे हिरवा पट्टा करण्याचा प्रस्ताव कंपनीला मांडावा लागला, तेव्हा ‘आदर्श’ हे विशेषण येथेही बेताने वापरलेले बरे.

सायनाइड व आम्लराज यांना पर्याय शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. थायोयुरिया व थायोसल्फेट यांवर बराच अभ्यास झाला, काही जिवाणूंकडून अल्प सायनाइड तयार करून घेऊन सोने उतरवण्याचे प्रयोगही झाले, पण जिवाणूंच्या कामाला दिवस लागतात आणि बोर्डावरील धातू त्यांनाही विषारी ठरतात. ब्रिटनच्या रॉयल मिंट या टांकसाळीने २०२४ मध्ये वेल्समधील लँट्रिसंट येथे सुरू केलेल्या प्रकल्पात एक्सिर या कॅनडातील कंपनीचे रसायन वापरले जाते आणि खोलीच्या तापमानावर अल्पावधीत सोने सोडवले जाते. रोख नाण्यांची मागणी घटल्यावर एका टांकसाळीने कचऱ्याकडे वळावे, हे काळाला धरूनच झाले.

पुढच्या काळात या विद्येचा मुख्य माल बहुधा बोर्ड नसून लिथियम-आयन बॅटरी असेल. बॅटरी दळल्यावर मिळणाऱ्या काळ्या भुकटीत कोबाल्ट, निकेल, मँगनीज व लिथियम असतात, आणि येथे सल्फ्युरिक आम्लासोबत घातलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे काम उलटे असते: तांब्याच्या वेळी ऑक्सिडीकरण करणारे हेच द्रव्य येथे कोबाल्टचे क्षपण करून त्याला विरघळण्याजोगे करते. निकेल आणि कोबाल्ट रासायनिक स्वभावाने इतके जवळचे आहेत की त्यांना वेगळे करण्यासाठी द्रावक निष्कर्षणाच्या अनेक फेऱ्या कराव्या लागतात आणि खर्चाचा मोठा वाटा तेथे जातो.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्याने मिळवलेल्या धातूच्या प्रमाणात त्याला प्रमाणपत्रे देण्याची सोय केली, जी उत्पादक विकत घेतात. म्हणजे अपक्षालनाच्या उत्पन्नात धातूच्या किमतीखेरीज प्रथमच दुसरी बाजू जमा झाली. मात्र ही मोजणी सुरू झाली ती सोने, तांबे, लोखंड आणि अल्युमिनिअम या चार धातूंवर. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्प्रक्रियेसाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली असून तिच्या कक्षेत ई-कचरा व बॅटऱ्या दोन्ही येतात. जोवर या पैशातून वेगळे प्रकल्प उभे राहत नाहीत, तोवर धारित्रातील टॅन्टलम आणि हार्ड डिस्कच्या चुंबकातील निओडिमियम भट्टीत गेल्यावर धातुमळीत मिसळून जात राहणार आणि रस्त्याच्या भरावात किंवा बांधकामात खडी म्हणून वापरले जाणार.