लेंड्या, शून्य आणि वाघ

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरं मोजणं म्हणजे व्याघ्रगणना, असा समज अजून पुष्कळांच्या मनात पक्का आहे. ती रात्र झकास असते, पण वनखातंही हल्ली तिला ‘निसर्गानुभव’ म्हणतं, गणना म्हणत नाही. दर चार वर्षांनी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येणारा वाघांचा आकडा थंडीच्या दिवसांत, पायी चालून आणि बहुतेक वेळा वाघ न बघताच तयार होतो. ताडोबात एका वनरक्षकाच्या मागे चालून त्यातलं थोडं काम मला बघता आलं.

“बोलू नका जी, अन् खाली पाहून चाला,” एवढीच सूचना मिळाली. पुढे वनरक्षक, मागे वनमजूर, मधे मी. ट्रान्सेक्ट म्हणजे जंगलातून आखलेली दोन किलोमीटरची सरळ रेघ. तिच्यावरून भल्या सकाळी चालायचं आणि हे लागोपाठ तीन दिवस करायचं. वाघाचं भक्ष्य किती आहे तेही मोजायचं असतं, म्हणून बांबूच्या रांजीआड चितळं दिसली की थांबायचं. किती आहेत, कुठल्या दिशेला, किती अंतरावर, ते कंपास आणि रेंजफाइंडर लावून मोबाइलमधल्या एम-स्ट्राइप्स ॲपमध्ये भरायचं. अंतर कशाला? रेघेजवळची जनावरं सहसा नजरेतून सुटत नाहीत, लांबची सुटतात. अंतर वाढेल तसं दिसणं किती घटतं हे कळलं, की न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो.

परतीच्या वाटेवरचं काम मला जास्त आवडलं. दर चारशे मीटरवर थांबून झाडं, झुडपं, गवत यांची नोंद करायची आणि वीस मीटर लांब, दोन मीटर रुंद पट्ट्यात उकिडवं बसून लेंड्या मोजायच्या. वनमजुराचे हात पालापाचोळा असा बाजूला सारत होते की एकही लेंडी जागची हलू नये. सांबराची लेंडी चितळापेक्षा मोठी. रोही मात्र पुन्हा पुन्हा एकाच जागी टाकतो, त्यामुळे त्याचा ढीगच असतो. एका पट्ट्यात काहीच मिळालं नाही आणि दोरीच्या बाहेर हातभर अंतरावर रोह्याचा भलाथोरला ढीग! वनमजुराने दोरी जराशी सरकवली. वनरक्षक म्हणाला, “नाही बा. दोरीच्या आत आहे तेच.” आणि त्याने शून्य भरलं.

या कामाचं मर्म मला त्या शून्यात दिसलं. जिथे काही नाही तिथे ‘नाही’ असं लिहिलं, तरच ‘आहे’ला किंमत येते. जुन्या पद्धतीत ही सोय नव्हती. ओडिशातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी 1960च्या दशकात बसवलेल्या पद्धतीत ठशांवरून वाघ ओळखत. ठसा काचेवर गिरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा. जाणत्या माणसाला त्यातून बरंच कळतं हे खरं, पण ओल्या मातीतला आणि भुसभुशीत धुळीतला एकाच वाघाचा ठसा वेगळा दिसू शकतो आणि किती वाघ निसटले ते कळायला मार्ग नसतो. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते. 2005 साली उघड झालं की जंगलात एकही उरलेला नाही. त्या हादऱ्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या मदतीने नवी पद्धत रुजली. कॅमेऱ्यात टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ मोजण्याचा पाया उल्हास कारंथ यांनी 1990च्या दशकात नागरहोळेत घातला होता.

कॅमेरे जोडीने लावतात, वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे जुळत नाहीत. एकच बाजू मिळाली तर एका वाघाचे दोन होण्याची भीती. समोरचं गवतही छाटावं लागतं, नाहीतर उन्हात तापलेलं पातं हललं तरी फोटो निघतो. मग चाचणी. वनमजूर हातापायांवर रांगत कॅमेऱ्यापुढून गेला, दिवा लुकलुकला, सगळे हसले. पुढच्या महिन्याभरात तिथून चितळं जाणार, रानडुकरं, अस्वलं, गावची गुरं जाणार. 2018च्या देशव्यापी गणनेत 26,838 ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांवर फोटो काढले. त्यांत वाघाचे 76,651. म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंमागे एक.

हे काम हसण्यावारी नेण्यासारखं नाही. 2021च्या नोव्हेंबरात ताडोबातच, पुढच्या गणनेसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारलं. वाघीण वाटेवर होती; थांबून, मग झाडीतून वळसा घालताना हल्ला झाला. हातात फार तर काठी असलेल्या माणसांच्या जिवावर आपण या आकड्यांचा अभिमान मिरवतो, हे मला खटकतं. 2022च्या गणनेत देशात सरासरी 3,682 वाघ निघाले. महाराष्ट्रात 2018चे 312 वाढून 444 झाले. त्यांतले 97 ताडोबा-अंधारी प्रकल्पात. ब्रह्मपुरीसारख्या प्रकल्पाबाहेरच्या जंगलांतही वाघ भरपूर आहेत. तिथे वाघ, धानाची शेतं आणि मोह वेचणारी माणसं एकाच वाटेवर असतात.

मी ज्याच्या मागे चाललो त्या वनरक्षकाला गावातली माणसं येता-जाता विचारतात, तुमच्या बीटात किती? त्याचं उत्तर ठरलेलं. आकडा डेहराडूनला निघतो, आम्ही फक्त भरून देतो. माझ्या समोर त्याने ते एका चहाच्या टपरीवर सांगितलं आणि लगेच वनमजुरांकडे वळला. 15 फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम लागतो, त्याआधी जाळरेषा उरकायच्या होत्या आणि त्याला माणसं कमी पडत होती.