व्यायामात खर्च झालेले उष्मांक पुन्हा खावेत काय?

वजन कमी करण्याच्या हेतूने आमच्या रुग्णालयाच्या आहार विभागात येणाऱ्या व्यक्ती अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारतात. आहारतज्ज्ञांनी दिवसाचे उष्मांक ठरवून दिलेले असतात. इकडे सकाळी तासभर चालून आल्यावर मनगटावरचे घड्याळ तीनशे उष्मांक खर्च झाल्याचे दाखविते. मग हे तीनशे उष्मांक अधिकचे खावयाचे की नाही? उष्मांक म्हणजे बोलीभाषेतील कॅलरी. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचे उत्तर चुकल्यास दोन प्रकारचे नुकसान संभवते. कोणी वर्षभर नेमाने चालूनही काटा हलत नाही म्हणून चालणेच सोडून देतो. तर मधुमेहाची औषधे घेणारा एखादा उपाशीपोटी चालावयास निघतो आणि रस्त्यात घेरी येऊन पडतो. या दोन्ही गोष्टी टळाव्यात, या उद्देशाने यंदाच्या अहवालात हा विषय मांडीत आहोत. लेखातील वैद्यकीय भाग आमच्या मधुमेहतज्ज्ञांनी व आहारतज्ज्ञांनी तपासून दिला आहे. हिशेबाची मांडणी तेवढी आमची, कारण आमची हयात जमाखर्चाच्या वह्यांत गेली आहे.

एकच रक्कम दोनदा जमा

कोणत्याही हिशेबात प्रथम पाहावयाचे ते हे, की एखादी रक्कम दोन ठिकाणी तर लिहिली गेली नाही ना. येथे नेमके तेच घडते.

समजा, एका भगिनींचे वय ४५ वर्षे, उंची १६५ सेंटिमीटर व वजन ७० किलो आहे. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन-सेंट जिओर या सूत्रानुसार त्यांच्या शरीराला केवळ विश्रांत अवस्थेत दिवसाला सुमारे १३४५ उष्मांक लागतात. या आकड्याला दैनंदिन हालचालीच्या गुणकाने गुणावयाचे असते. बैठ्या जीवनासाठी १.२ हा गुणक धरला तर १६१५, आणि हलक्या व्यायामासह १.३७५ धरला तर १८५० उष्मांक येतात. दोहोंतील अंतर २३५ उष्मांकांचे. आता याच भगिनी ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने तासभर चालल्या, तर सुमारे २४५ उष्मांक खर्च होतात. म्हणजे ज्यांचा आहार १८५० च्या आधारे ठरविला आहे, त्यांचे रोजचे चालणे त्या आकड्यात आधीच धरलेले आहे. त्यांनी घड्याळ पाहून पुन्हा २४५ उष्मांक खाल्ले, तर एकच खर्च दोनदा मांडला जाईल आणि तूट भरून निघेल.

याउलट, ज्यांचा आहार १६१५ च्या आधारे ठरविला आहे, त्यांच्या हिशेबात चालणे धरलेलेच नाही. त्यातून रोजचे ५०० वजा केल्यास केवळ १११५ उरतात. एवढ्यावर तासभर चालणे प्रकृतीस मानवणार नाही. अशा व्यक्तीने खर्च झालेल्यांपैकी काही भाग खाणे हेच योग्य. तेव्हा ‘खावे की न खावे’ याआधीचा प्रश्न असा, की ठरवून दिलेल्या आकड्यात व्यायाम धरला आहे काय? मोबाइलमधील उपयोजने हा आकडा काढताना कधी व्यायाम धरतात, कधी धरीत नाहीत. म्हणून आहारपत्रक हाती घेतानाच हे विचारून घ्यावे.

घड्याळाचा आकडा आणि शरीराचा आकडा

समजा, व्यायाम हिशेबात धरलेला नाही. तरीही घड्याळ दाखवील तेवढे सगळे खाणे हिताचे नाही. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की घड्याळाचा अंदाज ढोबळ असतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली मनगटावर बांधावयाची सात उपकरणे ६० स्वयंसेवकांवर तपासली. नाडीचे ठोके मोजण्यात बहुतेक उपकरणे विश्वासार्ह ठरली. परंतु उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूकही २७ टक्के होती, आणि सर्वांत वाईट उपकरणाची ९३ टक्के.

दुसरे कारण, चालण्याच्या त्या तासात आपण स्वस्थ बसलो असतो तरी काही उष्मांक खर्च झालेच असते. ७० किलो वजनाच्या व्यक्तीचे तासाला सुमारे ७० उष्मांक बसल्याजागी खर्च होतात. तेव्हा २४५ मधून ते वजा करता चालण्यामुळे झालेला निव्वळ अधिक खर्च १७५ च राहतो. घड्याळ बहुधा एकूण खर्च दाखविते, निव्वळ नव्हे.

तिसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. शरीर स्वतःच काटकसर करते. टांझानियातील हाड्झा हे शिकार व कंदमुळांवर जगणारे लोक रोज मैलोगणती चालतात. तरीही त्यांच्या दिवसभराच्या एकूण ऊर्जाखर्चाचे प्रमाण, शरीराचे आकारमान लक्षात घेता, शहरी पाश्चात्त्य लोकांएवढेच असल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. पुढे २०२१ साली १७५४ प्रौढांच्या मोजणीवरून असे दिसले, की हालचालीत खर्च झालेल्या उष्मांकांपैकी सरासरी २८ टक्के शरीर अन्यत्र वाचविते. आणि ज्यांच्या अंगी चरबी अधिक त्यांच्यात ही बचतही अधिक असते. सकाळी चालून आलेला मनुष्य दुपारी जिना टाळतो, हे तर आपण घरोघरी पाहतोच. या सरासरीने पाहिले तर वरील १७५ पैकी सव्वाशेच्या आसपासच पदरात पडतात.

घड्याळाने दाखविलेले तीनशे आणि प्रत्यक्षातले सव्वाशे, यांतील तफावत एका वडापावाने सहज पुसली जाते. पुणेकरांना सिंहगडाचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. पायथ्यापासून माथ्यापर्यंतची पाच-सहाशे मीटरची चढण चढावयास ७० किलोच्या व्यक्तीला ढोबळमानाने चारशे उष्मांक लागतात. वर पोहोचल्यावर दोन भाकऱ्या, पिठले, कांदाभज्यांची बशी आणि मडक्यातील गोड दही घेतले, तर हजाराच्या आसपास उष्मांक पोटात जातात. गडावर जाऊ नये किंवा भाकरी खाऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. ‘आज गड चढलो, म्हणून सारे माफ’ हा हिशेब तेवढा चुकीचा आहे.

कोणी अवश्य खावे?

येथवरचे वाचून कोणी ‘व्यायाम करावा आणि पोट मारावे’ असा निष्कर्ष काढील, तर तो अधिक घातक ठरेल.

मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत व्यायामाने रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ही घसरण काही तासांनी, प्रसंगी रात्री झोपेतही होते. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामापूर्वी ९० च्या खाली असल्यास आधी थोडे खाऊन मगच निघावे. चालताना थरथर, घाम, धडधड वा डोळ्यांपुढे अंधारी जाणवली, अगर साखर ७० च्या खाली आढळली, तर तत्काळ तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्यक्ती बेशुद्ध असल्यास तोंडात काही घालू नये. तिला त्वरित रुग्णालयात आणावे. त्या क्षणी उष्मांकांचा विचार मनात आणूच नये. मात्र साखर वारंवार खाली जाते म्हणून रोज अधिक खाणे हा उपाय नव्हे. वजन घटू लागले आणि चालणे वाढले, की औषधाची मात्रा कमी करावी लागणे शक्य असते. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आपल्या मनाने औषध बंद करू नये.

ज्यांचे श्रम दीर्घ आहेत त्यांनीही खाल्लेच पाहिजे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पायी चालणारे वारकरी, शेतात दिवसभर राबणाऱ्या स्त्रिया, मॅरेथॉनचा सराव करणारी तरुण मंडळी यांचा खर्च खरोखरच मोठा असतो. खेळाडूंनी श्रमाच्या मानाने कमी खाल्ल्यास हाडे ठिसूळ होणे, मासिक पाळी बंद पडणे, वारंवार आजारी पडणे असे परिणाम होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिची दखल घेतली. गर्भवती, स्तनदा माता व वाढत्या वयाची मुले यांनी तर वैद्यकीय सल्ल्याविना उष्मांक कमी करूच नयेत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. उंचीच्या प्रमाणात वजन दर्शविणारा दोघांचा निर्देशांक सारखाच, २२.३, परंतु शरीरातील चरबी डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के, तर डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के. भारतीयांच्या अंगी त्याच वजनात चरबी अधिक व स्नायू कमी असतात, ही बाब त्यातून ठळकपणे पुढे आली. आधीच तुटपुंजे असलेले स्नायू अतिउपासाने आणखी झिजले, तर काट्यावरचा आकडा घटूनही प्रकृती सुधारणार नाही. म्हणून व्यायामानंतर काही खावयाचे असेल, तर उसळ, डाळ, दही, ताक, अंडे अशा प्रथिनयुक्त पदार्थांना अग्रक्रम द्यावा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

व्यवहारात काय करावे?

आमच्या आहारतज्ज्ञांचा सल्ला साधा आहे. रोजचे नेमाचे चालणे धरूनच आहाराचा एक आकडा ठरवून घ्यावा आणि घड्याळातील उष्मांकांकडे लक्ष देऊ नये. ज्यांच्या आकड्यात व्यायाम धरलेला नाही, त्यांनी घड्याळ दाखविते त्याच्या फार तर निम्मे खावे. एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक श्रम झाले आणि खरी भूक लागली, तर जेवणात एखादी भाकरी व वाटीभर उसळ वाढवावी.

खरा निवाडा काट्यावर सोपवावा, आणि तोही एका दिवसाच्या नव्हे. सकाळी ठरावीक वेळी वजन करून ते वहीत लिहावे, आठवड्याची सरासरी काढावी व कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक. त्यामुळे रोज ५०० ची खरी तूट असेल, तर प्रारंभी पंधरवड्याला किलोभर वजन घटावे, आणि पुढे हा वेग मंदावणे स्वाभाविक आहे. तीन-चार आठवडे काहीच फरक पडला नाही, तर कोठेतरी दुहेरी नोंद होत आहे असे समजून शंभर-दीडशे उष्मांक कमी करावेत. आठवड्याला किलोहून अधिक वजन सतत घटत असेल, थकवा वाटत असेल, झोप लागत नसेल, तर तेवढेच वाढवावेत आणि तपासणी करून घ्यावी.

वजन न घटले तरी चालणे सोडू नये, हे आम्ही आग्रहपूर्वक सांगू इच्छितो. रक्तदाब, रक्तशर्करा, हृदय, झोप व मनाची उभारी यांना होणारा चालण्याचा लाभ काट्यावर उमटत नाही. तो पदरी पडतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे, तो केवळ वजनासाठी नव्हे.

आहार विभागात येताना महिनाभराच्या वजनाची वही, चालू औषधांची चिठ्ठी आणि मधुमेह असल्यास साखरेच्या नोंदी सोबत आणाव्यात, ही विनंती. एवढी सामग्री हाती असली, की पुन्हा खावे की न खावे याचे उत्तर पहिल्याच भेटीत देता येते.