फ्ल्यू उतरला, आता लस घ्यावी की नाही?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या ओळखीचे एक सेवानिवृत्त गुरुजी तापाने पडले. वय ६७, बारा वर्षांपासून मधुमेह. दुपारी ओट्यावर गप्पा मारत बसलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून अंथरुणात. १०२ ताप, डोके ठणकतेय, अंग मोडून निघाल्यासारखे, कोरडा खोकला. पाचव्या दिवशी ताप उतरला. पण महालक्ष्म्यांच्या जेवणाला घर भरलेले असताना गुरुजी खुर्चीवरून उठले नाहीत. अनंत चतुर्दशी झाल्यावर काकूंना सोबत घेऊन ते दवाखान्यात आले.

"डॉक्टर, ताप जाऊन पंधरा दिवस होत आले, पण अंगात त्राण नाही. एक सलाईन लावून टाका," गुरुजी म्हणाले. मग थोडे थांबून, "आणि दुसरे असे की पुण्याहून मुलगा रोज फोन करतो, फ्ल्यूची लस घ्या म्हणून. आमच्या गल्लीत एकाने घेतली, त्याला दुसऱ्याच दिवशी ताप आला. लकवा मारतो असेही ऐकतो. आणि एकदा फ्ल्यू होऊन गेल्यावर लस कशाला?"

काकू म्हणाल्या, "दुखणं परवडलं, पण त्या सुईचं भ्याव वाटतं बघा."

हे प्रश्न एकट्या गुरुजींचे नाहीत. पावसाळा संपता संपता आमच्या दवाखान्यात रोज कोणीतरी हेच विचारते. म्हणून आजचा लेख त्यावरच.

फ्ल्यू म्हणजे साधे पडसे नव्हे

नाक वाहते, शिंका येतात, दोन-तीन दिवसांत बरे वाटते, ते पडसे. फ्ल्यू म्हणजे इन्फ्लुएंझा नावाच्या विषाणूचा आजार. तो एकाएकी येतो, ताप जास्त असतो आणि माणसाला अंथरुणावर पाडतो. आपल्या आजी-पणजीच्या तोंडी 'मानमोडी' हा शब्द असे. १९१८ साली जगभर पसरलेली फ्ल्यूची साथ ती हीच. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली, आणि पावसाळ्यानंतर दुसऱ्या लाटेत गावेच्या गावे आडवी झाली. एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. २००९ साली स्वाइन फ्ल्यू आला तेव्हा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. त्या दिवसांत लोक कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी रुमालात बांधून हुंगत फिरत होते, हे अनेकांना आठवत असेल. तो विषाणू गेला नाही. आज तो दरवर्षीच्या फ्ल्यूचा एक भाग झाला आहे.

महाराष्ट्रात फ्ल्यूचा जोर पावसाळ्यात असतो, आणि जानेवारी ते मार्च या काळात तो पुन्हा डोके वर काढतो.

ताप गेला, शक्ती का येत नाही?

फ्ल्यूचा विषाणू श्वासनलिकेच्या आतले नाजूक अस्तर खरवडून काढतो. ते पुन्हा तयार व्हायला आठवडे लागतात, म्हणून खोकला रेंगाळतो. विषाणूशी लढताना शरीर जी रसायने सोडते, त्यांनीच अंग दुखते आणि थकवा येतो. त्यात चार-पाच दिवस जेवण नाही, अंथरुणात पडून स्नायू ढिले झालेले. तरण्या माणसालाही पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागतात. साठीपुढे आणि मधुमेहात तीन-चार आठवडे लागले तरी घाबरू नये.

आता सलाईनबद्दल. ५०० मिलिलिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. पाच टक्के ग्लुकोजची बाटली असेल तर त्यात २५ ग्रॅम साखर. यात शक्ती कुठली? उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी गेले असेल, तोंडाने काही राहत नसेल, तर सलाईन जीव वाचवते. ताप उतरलेल्या, खाता-पिता माणसाला तिचा उपयोग नाही. मधुमेही माणसाला ग्लुकोजची बाटली लावली तर उलट साखर वाढते. गुरुजींना मी सांगितले, "सलाईनचे पैसे डाळ, अंडी, दूध, शेंगदाण्यावर घाला."

बरे होण्याचे दिवस असे काढावेत :

१) ताप उतरल्यावर निदान दोन-तीन दिवस पूर्ण विश्रांती. नंतर घरातल्या घरात चालणे, मग अंगण, मग रस्ता. रोज थोडे वाढवावे. शेतातले जड काम आठवडाभर तरी नको.

२) पाणी, वरणाचे पाणी, ताक, मऊ भात, भाकरी काला करून. भूक नसली तरी थोडे थोडे पाच वेळा खावे.

३) उरलेल्या खोकल्यासाठी दुकानातून अँटिबायोटिक आणून घेऊ नये. ते विषाणूवर काम करीत नाही. वाफ घेताना उकळते पातेले लहान मुलांजवळ ठेवू नये. भाजलेली मुले मी पाहिली आहेत.

४) मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात आणि साखर तपासावी. आजारपणात ती वाढलेली असते.

५) लहान मुलांना तापासाठी अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून.

भीती बाळगायची तर दुसऱ्या तापाची

एक अनुभव सांगतो. त्यात चूक माझी आहे.

काही वर्षांपूर्वी औंढा तालुक्यातला एक पन्नाशीचा शेतकरी फेब्रुवारीत फ्ल्यूने आजारी पडला. चौथ्या दिवशी ताप उतरला. मी गोळ्या थांबवल्या आणि "आता बरे आहात, जा" एवढेच म्हणालो. हळद शिजवायचे दिवस होते, तो थेट कढईजवळ जाऊन उभा राहिला. तीन दिवसांनी पुन्हा थंडी वाजून ताप आला, छातीत एका बाजूला टोचू लागले, गंजासारखा लालसर बेडका पडू लागला. घरच्यांना वाटले, ताप उलटला, जाईल. मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांवर तीन दिवस काढले. माझ्याकडे आला तेव्हा वाक्य पुरे करायला त्याला दम पुरत नव्हता. फ्ल्यूने सोललेल्या फुप्फुसात जिवाणूंनी घर केले होते, म्हणजे न्यूमोनिया. नांदेडला पाठवावे लागले, बरेच दिवस प्राणवायूवर होता. वाचला, पण त्या साली त्याची हळद दुसऱ्यांनीच काढली.

उतरलेला ताप परत आला तर तीन दिवस थांबू नका, हे एक वाक्य मी त्याला सांगायला हवे होते. तेव्हापासून फ्ल्यूचा एकही रुग्ण ते ऐकल्याशिवाय माझ्या दवाखान्यातून बाहेर पडत नाही.

पुढीलपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा : उतरलेला ताप पुन्हा चढणे, दम लागणे, छातीत दुखणे, बेडक्यात रक्त, ओठ किंवा नखे निळसर होणे, बरळणे किंवा गुंगी, बोटावरच्या यंत्रात प्राणवायू ९४ च्या खाली. लहान मूल दूध पीत नसेल, छातीच्या फासळ्या आत ओढून श्वास घेत असेल, तर रात्र असली तरी थांबू नये. मधुमेही, दमेकरी, हृदयरोगी, वयस्कर माणसे आणि गरोदर स्त्रिया यांनी तर फ्ल्यूच्या पहिल्या ४८ तासांतच डॉक्टरांना भेटावे. ऑसेल्टामिविर हे औषध त्या वेळात सर्वांत चांगले लागू पडते.

लशीने फ्ल्यू होतो का?

होत नाही. दंडात टोचायच्या फ्ल्यूच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. विषाणू मारून त्याचे तुकडे वापरलेले असतात. मेलेल्या विंचवाची नांगी पाहून शरीर विंचू ओळखायला शिकते, तसे हे आहे. मग गल्लीतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ताप कसा आला? कारणे तीन असू शकतात. एक, टोचण्याआधीच विषाणू अंगात शिरलेला असेल; फ्ल्यू दिसायला एक ते चार दिवस लागतात. दोन, लशीचे संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तोवर माणूस उघडाच असतो. तीन, तो ताप शरीर लशीला प्रतिसाद देत असल्याचा.

या तिसऱ्या तापाचे स्वरूप ठरलेले आहे. दंड दुखतो, थोडा सुजतो, लाल होतो. काहींना कणकण, अंगदुखी, डोकेदुखी. सहसा पहिल्या दिवसातच सुरू होते आणि एक-दोन दिवसांत जाते. पॅरासिटामॉल पुरते. प्रौढ माणसांवर झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत अर्ध्या लोकांना लस आणि अर्ध्यांना नुसते मिठाचे पाणी टोचले, कोणाला काय दिले ते सांगितले नाही. दंड दुखणे लसवाल्यांत जास्त होते. ताप-अंगदुखीची तक्रार मात्र मिठाच्या पाण्यावाल्यांतही जवळजवळ तेवढीच होती.

लकव्याची गोष्ट

ही भीती अगदीच हवेतली नाही, म्हणून नीट सांगतो. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्ल्यूच्या भीतीने सुमारे साडेचार कोटी लोकांना घाईने लस दिली गेली. त्यानंतर काहींना गुलियन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, झाला. यात पायांपासून वर अशक्तपणा चढत जातो. प्रमाण निघाले साधारण एक लाखात एक जादा रुग्ण. डिसेंबर १९७६ मध्ये ती मोहीम थांबवण्यात आली. त्यानंतरच्या लशींवर आजतागायत लक्ष ठेवले जाते. त्यांच्यात हे प्रमाण फार तर दहा लाखांत एक-दोन इतके आढळते.

आता दुसरी बाजू. खुद्द फ्ल्यूनेही जीबीएस होतो. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लशीनंतर दहा लाखांमागे सुमारे एक, तर फ्ल्यूसाठी डॉक्टरांकडे गेलेल्यांत दहा लाखांमागे सुमारे सतरा रुग्ण निघाले. म्हणजे ज्या लकव्याच्या भीतीने लस टाळायची, त्याचा धोका आजारातच जास्त.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा आपल्याकडेही घबराट झाली. बातम्यांतले नांदेड हे पुण्याजवळचे, आपल्या शेजारचे नव्हे. आणि तेथे संशय दूषित पाण्यावर होता. अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा पोटाचा जंतू सापडला. फ्ल्यूच्या लशीशी त्याचा संबंध नव्हता.

तीव्र अ‍ॅलर्जी हा खरा तातडीचा धोका. तो दहा लाख टोचण्यांत एखाद्याला होतो, आणि सहसा काही मिनिटांतच. म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. कामाची घाई आहे म्हणून लगेच मोटारसायकलला किक मारू नये.

एकदा झाला, मग लस कशाला?

फ्ल्यूचा विषाणू दरवर्षी रूप बदलतो. शिवाय तो एक नाही. 'ए' गटातले दोन आणि 'बी' गटातला एक असे प्रकार एकाच वेळी फिरत असतात. गुरुजींना त्यातला एक झाला, बाकीच्यांना दार उघडेच आहे. लशीत तीन किंवा चार प्रकार असतात. ते कोणते असावेत हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते.

लस म्हणजे कवच नव्हे, हेही सांगितले पाहिजे. विषाणूशी जुळली तर ती साधारण निम्म्या लोकांचा आजार टाळते. पण लस घेऊनही फ्ल्यू झाला, तर तो बहुधा रुग्णालयापर्यंत नेत नाही. वयस्कर माणसासाठी हे मोठेच काम आहे.

साठीपुढचे लोक, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि सहा महिन्यांपुढची लहान मुले यांनी लशीचा विचार जरूर करावा. पावसाळ्याआधी, एप्रिल-मे महिन्यांत घेतलेली उत्तम. राहून गेली तर नंतरही चालते. अंगात ताप असेल तर थांबावे. फ्ल्यूतून उठल्यावर ताप गेला आणि हिंडू-फिरू लागलात की घेता येते, महिनोन्‌महिने थांबायची गरज नाही. पूर्वी फ्ल्यूच्या लशीने तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर घेऊ नये. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल किंवा पूर्वी जीबीएस झाला असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. त्याचे रक्षण आईने गरोदरपणी घेतलेल्या लशीने होते.

राज्य शासनाने २०१५ साली गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांसाठी मोफत लस सुरू केली होती. सरकारी रुग्णालयात साठा आहे का, ते आधी विचारावे. विकत घेणार असाल तर बाटलीवरची मुदत पाहावी आणि लस २ ते ८ अंश तापमानात ठेवलेली हवी. आपल्याकडे वीज जाते, तेव्हा दुकानदाराला विचारायला लाजू नये. खिशात घालून आणलेली लस टोचून घेऊ नये.

गुरुजींनी हे सगळे ऐकले, घरी जाऊन मुलाशी बोलले आणि दहा दिवसांनी येऊन लस घेतली. अर्धा तास बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले. रात्री काकूंचा फोन, "दंड दुखतोय म्हणतात." मी म्हटले, "दुखू द्या, परवापर्यंत थांबेल." तिसऱ्या दिवशी गुरुजी भाजी आणायला मोंढ्यापर्यंत चालत गेले होते.