कंट्रोलर निवडावा तो हात पाहून

घरातील जुना व्हिडिओ गेम ज्येष्ठांच्या हाती देताना खेळाआधी त्याचा कंट्रोलर पाहावा. १९७७ च्या अटारी कन्सोलला मुठीत धरायचा एक दांडा आणि एकच बटण होते. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमने दांड्याऐवजी अधिकच्या चिन्हासारखी कळ दिली आणि दिशा बदलण्याचे सारे काम डाव्या अंगठ्यावर सोपवले. तरुण खेळाडूंना ती फार सोयीची वाटली. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्यास मात्र तीच नकोशी होते. शिवाय त्या चपट्या आयताला तळव्यात विसावायला जागाच नाही!

या वयासाठी मला सर्वांत समंजस वाटतो तो २००६ च्या ‘वी’चा रिमोट. त्यावरील बोलिंगमध्ये बटण दाबून धरायचे, हात झुलवायचा आणि बटण सोडायचे, की चेंडू निघाला. हे खुर्चीत बसूनही जमते. ज्यांचा तोल जातो, त्यांनी उभे राहून खेळण्याचा हट्ट धरू नये. रिमोटचा पट्टा मनगटात अडकवावाच. खांदा दुखू लागला, तर डाव अर्ध्यावर सोडावा. नातवंडे कितीही आग्रह करोत.