उतरत्या बोलीचा बाजार

सरकारी कार्यालयाला कागद, खुर्ची वा पंखा विकायचा, तर पूर्वी केंद्राच्या पुरवठा महासंचालनालयाचा दर-करार हाती असणे ही मोठीच मिरासदारी होती. करारात नाव असलेल्या पेढीकडे मागणी आपोआप येई. इतरांच्या वाट्याला निविदेची जाहिरात शोधणे आणि कार्यालयाच्या दाराशी तिष्ठणे. हे महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. तत्पूर्वीच, ९ ऑगस्ट २०१६ रोजी, 'गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस' सुरू झाले होते. व्यापारी त्याला 'जेम' म्हणतात. तेथे उपलब्ध असलेला माल केंद्रीय मंत्रालयांनी तेथूनच घ्यावा, असा दंडक २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील १४९ व्या नियमाने घातला.

रीत वरकरणी सोपी आहे. विक्रेता पॅन, जीएसटी व बँक खाते देऊन नोंदणी करतो आणि मालाचे तपशील व भाव मांडतो. लहान खरेदी अधिकारी थेट करतो. मध्यम रकमेसाठी निदान तीन उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत स्वस्त निवडतो. त्याहून मोठ्या खरेदीला बोली लागते. २०१९ मध्ये या पायऱ्या २५,००० व ५ लाख रुपयांवर होत्या. त्या आधीही बदलल्या, नंतरही बदलल्या. म्हणून चालू मर्यादा पाहूनच हिशेब मांडावा.

खरी कसोटी 'रिव्हर्स ऑक्शन'मध्ये लागते. बाजार समितीच्या लिलावात भाव चढतो, येथे तो उतरतो. पडद्यावर सर्वांत कमी भाव दिसतो, स्पर्धकाचे नाव दिसत नाही, आणि घड्याळ पळत असते. अशा वेळी शंभर-दोनशे रुपये आणखी सोडण्याचा मोह अनुभवी माणसालाही आवरत नाही. मात्र जेमवरील भावात कर आणि माल पोहोचवण्याचा खर्च धरलेला असतो. खरेदीदार दिल्लीचा असला, तरी माल दूरच्या एखाद्या ठाण्यावर उतरवायचा असू शकतो. मालाच्या स्वीकृतीनंतर दहा दिवसांत पैसे, असे नियम सांगतो; पण स्वीकृतीच लांबली, तर भांडवलावरील व्याज पेढीच्याच माथी. म्हणून खालचा भाव बोलीपूर्वीच कागदावर लिहून ठेवलेला बरा.

व्यापारी घराण्यांची सर्वाधिक गफलत दुसरीकडेच होते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदीत २५ टक्के वाटा राखलेला आहे. त्यांची बोली सर्वांत कमी भावाच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तो भाव मान्य करून मागणीचा हिस्सा मिळवण्याची संधीही त्यांना मिळते. जुलै २०२१ मध्ये घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना 'उद्यम' नोंदणी खुली झाली, तेव्हा अनेकांना वाटले की आता ही सवलत आपलीही. तसे नाही. त्यांना मिळालेला लाभ बँकांच्या प्राधान्य-क्षेत्र कर्जापुरता होता. खरेदीतील प्राधान्य उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. दुसऱ्याचा माल विकणाऱ्याला नाही.

त्यामुळे ज्या घरात दुकानासोबत छोटा कारखानाही चालतो, तेथे बोली कोणत्या नोंदणीवर भरायची, हे बोलीच्या आदल्या रात्री नव्हे, कितीतरी आधी ठरावे लागते. निव्वळ वितरकाने उत्पादकाचे अधिकारपत्र आणि माल नक्की मिळण्याची हमी हाती घ्यावी. जिंकलेली मागणी पुरवता आली नाही, तर खाते निलंबित होऊ शकते.