उत्तरापेक्षा रीत महत्त्वाची : हुडिनी घडवणारी कंपनी

पडद्यावर सात मजली इमारत कोसळते. भिंतींना तडे जातात, स्लॅब एकमेकांवर आदळतात, धुळीचा लोट कॅमेऱ्याच्या अंगावर येतो. शॉट जेमतेम चार सेकंदांचा. पण तो मंजूर होईपर्यंत दिग्दर्शकाच्या सूचना संपत नाहीत. तुकडे आणखी बारीक हवेत, धूळ जरा कमी करा, डावा खांब अर्धा सेकंद उशिरा पडू दे. दृश्य हाताने रचलेलं असेल तर अशा एकेका सूचनेपायी कितीतरी दिवसांचं काम मातीमोल होतं. कॅनडातल्या टोरंटो शहरातली साइड इफेक्ट्स सॉफ्टवेअर, हल्लीच्या नावाने साइडएफएक्स, ही कंपनी गेली जवळजवळ चार दशकं याच अडचणीवर उभी आहे. तिच्या सॉफ्टवेअरचं नाव हुडिनी.

शाळेत गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं की मार्क कापले जायचे, रीत दाखवावी लागायची. हुडिनीचा कारभार त्याच शिस्तीचा आहे. वर सांगितलेली इमारत त्यात कशी पडते ते पाहू. आधी इमारतीचं मॉडेल. त्याच्या खाली एक नोड, म्हणजे एकच काम करणारा ठोकळा, जोडायचा, जो भिंतींच्या आत ठिपके विखुरतो. पुढचा नोड प्रत्येक ठिपक्याभोवती एक तुकडा कापतो. या कापणीला व्होरोनॉय फ्रॅक्चर म्हणतात. तिसरा नोड शेजारच्या तुकड्यांना एकमेकांशी चिकटवतो आणि त्या चिकटपणाची ताकद एका आकड्यात सांगता येते. मग गुरुत्वाकर्षण आणि टकरींचा हिशोब करणारा सॉल्व्हर येतो. जोड जिथे तुटेल तिथूनच धूळ उठेल, असंही सांगून ठेवता येतं. आता ठिपके पाचशेऐवजी पाच हजार केले की खालची सगळी साखळी नव्याने हिशोब करते. तुकडे बारीक होतात आणि धूळही आपोआप नव्या भेगांतून निघू लागते. या पद्धतीला स्टुडिओत ‘प्रोसिजरल’ म्हणतात.

कंपनीचा जन्म एका दिवाळखोरीतून झाला. टोरंटोची ऑम्निबस ही 1980च्या दशकातली संगणक ग्राफिक्सची मोठी कंपनी. ‘फ्लाइट ऑफ द नेव्हिगेटर’ या 1986च्या चित्रपटातलं आरशासारखं चकाकणारं अंतराळयान तिनेच केलं होतं. त्याच सुमारास तिने अमेरिकेतल्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेतल्या. तो बोजा पेलला नाही आणि 1987मध्ये ती बुडाली. तिथे काम करणाऱ्या किम डेव्हिडसन आणि ग्रेग हर्मानोविक या दोघांनी तिच्या ‘प्रिझम्स’ या सॉफ्टवेअरचे हक्क मिळवले आणि त्याच वर्षी स्वतःचं दुकान थाटलं. प्रिझम्सवर काम करता करता 1996 साली हुडिनीची पहिली आवृत्ती बाजारात आली. हर्मानोविक पुढे वेगळे झाले आणि त्यांनी टचडिझायनर हे सॉफ्टवेअर बनवणारी डेरिव्हेटिव्ह ही कंपनी काढली. डेव्हिडसन साइडएफएक्समध्येच राहिले.

त्या काळी कॅनडात या धंद्यातली आणखी दोन बडी नावं होती. टोरंटोच्याच एलियसला आधी सिलिकॉन ग्राफिक्सने घेतलं आणि 2006 साली तिच्या माया या सॉफ्टवेअरसकट ती ऑटोडेस्कच्या झोळीत गेली. माँट्रियलची सॉफ्टइमेज मायक्रोसॉफ्टकडून ॲव्हिडकडे आणि तिथून ऑटोडेस्ककडे, अशी हस्तांतरं होत गेली; 2015च्या आवृत्तीनंतर ते सॉफ्टवेअर बंदच झालं. साइडएफएक्स मात्र कुणाच्या पदरात पडली नाही. एक मुख्य उत्पादन, एक मुख्य कल्पना आणि तीच घासूनपुसून पुढे नेणं, हा तिचा खाक्या.

पाण्याचं उदाहरण घेतलं तर हे घासणंपुसणं किती खोल आहे ते कळतं. पाणी संगणकात घडवण्याच्या दोन जुन्या रीती होत्या. एकीत लाखो कण मोकळे सोडायचे. त्यात शिंतोडे झकास दिसतात, पण पाणी दाबलं जाऊन आकसू नये हे सांभाळणं अवघड. दुसरीत जागेची चौकटी-चौकटींत विभागणी करून प्रत्येक चौकटीतला वेग काढायचा. त्यात दाबाचा हिशोब नीट बसतो, पण बारकावे पुसले जातात. ‘फ्लिप’ ही पद्धत दोन्ही जोडते. कणांचे वेग चौकटींवर टाकायचे, तिथे दाबाचं समीकरण सोडवायचं आणि वेगात झालेला फरक तेवढा कणांना परत द्यायचा. लॉस अलामॉस प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1986 साली मांडलेली ही पद्धत 2005च्या सुमारास ग्राफिक्सच्या संशोधनात आली आणि पुढे हुडिनीत रोजच्या वापराची झाली. पडद्यावर फुटणाऱ्या लाटेमागे असं भौतिकशास्त्र असतं.

ऑस्कर अकादमीने कंपनीच्या कामाची दखल वारंवार घेतली. 1998 साली प्रिझम्ससाठी तांत्रिक पुरस्कार मिळाला. 2018मध्ये हुडिनीसाठी कंपनीतल्या मार्क एलेंट यांना आणि कंपनीला प्रत्यक्ष ऑस्करची बाहुली मिळाली. तांत्रिक पुरस्कारांत बहुतेकांच्या हाती मानपत्र किंवा मानचिन्ह येतं. बाहुली क्वचितच कुणाला मिळते.

पण हत्यार उत्तम म्हणून कारागिराचं बरं चालतं असं नाही. ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटाचे बरेचसे इफेक्ट्स रिदम अँड ह्यूज या स्टुडिओने केले. त्याच्या मुंबई आणि हैदराबादच्या शाखांतल्या कलाकारांचेही हात त्याला लागले होते. चित्रपटातला वाघ घडला तो स्टुडिओच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये. इफेक्ट्स विभागात हुडिनी मुरलेलं होतं. 24 फेब्रुवारी 2013 रोजी या कामाला ऑस्कर मिळालं, तेव्हा स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज करून दोन आठवडेही झाले नव्हते. या धंद्यात ठेका ठरलेल्या रकमेचा असतो आणि बदलांना मर्यादा नसते. बदल करणं सोपं झालं की बदल कमी होत नाहीत, उलट वाढतात. हुडिनीने कलाकाराचे दिवस वाचवले, पण ते दिवस त्याच्या पदरी पडले नाहीत. ते दिग्दर्शकाच्या पुढच्या सूचनेत गेले. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही, करारांचा आहे, आणि तो दुरुस्त व्हायला हवा.

आज मुंबईत डीएनईजीसारख्या जागतिक स्टुडिओंचं मोठं काम चालतं आणि इफेक्ट्स आर्टिस्टच्या जाहिरातींत हुडिनीची अट हमखास दिसते. शिकायला ते कठीण आहे, ही त्याची ख्याती खोटी नाही. पहिल्या दिवशी चेंडू उडवून खूश होणाऱ्याला ते रुचत नाही. त्यात व्हेक्स नावाची स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा आहे आणि अकरावी-बारावीत कंटाळून सोडून दिलेले व्हेक्टर इथे पावलोपावली भेटतात.

तरी एक सोय मोलाची आहे. कंपनीने 2002पासून ‘अप्रेंटिस’ ही आवृत्ती फुकट ठेवली आहे. चित्रावर शिक्का उमटतो, चित्राच्या आकाराला मर्यादा असते आणि धंद्यासाठी वापर चालत नाही. बाकी जवळजवळ सगळी अवजारं हाताशी मिळतात. म्हणून या क्षेत्रात यायचं मनात असेल तर क्लासची भरमसाट फी भरण्याआधी ही आवृत्ती उतरवून घ्या आणि एक साधी भिंत पाडून बघा. तिचे तुकडे, जोड आणि धूळ यांत महिनाभर मन रमलं, तर खुशाल फी भरा. पहिल्याच आठवड्यात जीव विटला, तर ॲनिमेशनच्या दुसऱ्या शाखा आहेत; पैसे तरी वाचतील.