पुण्याची गाडी सोनईला आली तेव्हा

शनी अमावस्या आली की आदल्या रात्रीपासूनच आमच्या सोनईच्या रस्त्यावर गाड्यांना खंड नसतो. शिर्डीहून राहुरीमार्गे शनी शिंगणापूरला जायचं तर वाट आमच्याच गावातून. मी पंचवीस वर्षं डिझेल गाड्यांचं पंप-नोझलचं काम केलं. आता मुलगा गॅरेज बघतो आणि मी त्याच टपरीत पीयूसीचं, म्हणजे गाड्यांचा धूर तपासायचं, केंद्र चालवतो. खुर्ची रस्त्याकडे तोंड करून टाकलेली असते. गाडी पुढून गेली की आवाजावरून आणि मागच्या धुरावरून तिचं काय दुखतंय ते कळतं.

धूर तीन रंगांचा असतो आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एक तर एअर क्लीनर चोंदलाय, नाही तर नोझल फवारा मारायच्या ऐवजी थेंब गाळतोय. निळा धूर म्हणजे इंजिनचं ऑइल जळतंय. रिंगा गेल्या, इंजिन कामाला आलं. पांढरा धूर थंडीत पहाटे दोन मिनिटं आला तर घाबरायचं कारण नाही. इंजिन गरम झाल्यावरही तो थांबत नसेल तर मात्र हेड गॅसकेट बघायचं. गाडी विकणारा धुराला ‘जरासा’ म्हणतो. जरासा धूर कधी नसतो. तो तुमच्याच पैशाचं डिझेल असतं, अर्धवट जळून दुसऱ्याच्या छातीत जाणारं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातला. त्या धुरातले बारीक कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आपला केस त्यांच्या वीसपट तरी जाड. म्हणून ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात.

पीयूसीत डिझेल गाडीचं नेमकं काय तपासतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं. इंजिन चांगलं गरम करायचं, सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि गाडी न्यूट्रलला ठेवून एका दमात पूर्ण रेस द्यायची. असं पुन्हा पुन्हा करायचं. यंत्रात एका बाजूने उजेड सोडलेला असतो. मधल्या धुराने तो किती गिळला, त्यावरून आकडा येतो. जुन्या गाड्यांना २.४५ पर्यंत मुभा आहे आणि बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांना १.६२ पर्यंत. रेस अर्धीच दिली तर आकडा खोटा कमी येतो. ड्रायव्हर ‘मिस्तरी, हळू, इंजिन फाटेल’ म्हणतात, पण पाय मी माझाच ठेवतो.

आता मुद्द्याचं सांगतो. शहराची हवा सुधारायची म्हणून जे जे झालं, त्याचा उरलेला भाग आमच्याकडे आला. मुंबईत १९९९ साली धुराने त्रासलेले रहिवासी हायकोर्टात गेले. पुढे तिथल्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर आल्या. चांगलंच झालं. एप्रिल २०१० मध्ये देशातल्या १३ शहरांना बीएस-४ दर्जाचं इंधन मिळू लागलं. त्यात मुंबई होती, पुणं होतं, आमच्या शेजारच्या जिल्ह्याचं सोलापूरही होतं. नगर नव्हतं. म्हणजे पुण्यात टाकी भरली तर डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधक ५० भाग आणि इकडे भरली तर ३५०. भाव जवळपास तोच, गाडी तीच, माणसंही तशीच. गंधक जळलं की त्यापासूनही बारीक कण होतात. शिवाय धूर साफ करणारी जी नवी यंत्रं आहेत, त्यांना ते निकामी करतं. देशभर बीएस-४ यायला एप्रिल २०१७ उजाडला. आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-५ ची पायरी गाळून सगळ्या देशाला एकदमच बीएस-६ मिळालं. गंधक १० भागांवर आलं. पुण्याच्या आणि सोनईच्या पंपावर २०१७ पासून डिझेल सारखंच होतं, त्या दिवसापासून ते दोन्हीकडे एवढं स्वच्छ झालं. मला त्याचा मनापासून आनंद झाला होता. लॉकडाऊन होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे त्याची चर्चा कुणी केली नाही.

इंधन सारखं झालं, गाड्या झाल्या नाहीत. शहरात जी जीप कुणी भाड्याला लावत नाही, ती इकडे येते आणि भाविकांच्या फेऱ्या मारते. पुण्याची, एमएच १२ ची पाटी असलेली अशीच एक जीप मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आली. पहिल्याच रेसला टपरीच्या भिंतीवर काळा पट्टा उमटला. ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा, गाडी कर्जावर घेतलेली. म्हणाला, ‘मिस्तरी, पावती तेवढी द्या, शनिवारचा धंदा बुडंल.’ त्याला मी पावती दिली नाही, पण हाकलूनही दिलं नाही. नोझल काढून टेस्टिंगच्या पंपावर लावले आणि त्यालाच बघायला बसवलं. चारपैकी दोन नोझल पिचकारीसारखी सरळ धार मारत होते. फवारा कसा धुक्यासारखा हवा, ते शेजारी नवा नोझल लावून दाखवलं. पोरगा बराच वेळ काही बोललाच नाही. दोन नोझल आणि क्लीनर बदलल्यावर आकडा मर्यादेच्या आत आला. पंधरा दिवसांनी तोच सांगत आला की लिटरमागे गाडी जास्त चालते.

गाडी न आणता पावती देणारे मी पाहिलेत. अशीच एक पावती घेऊन माझ्या नात्यातल्या माणसाने वर्षभर गाडी चालवली आणि शेवटी इंजिन उतरवायची वेळ आली. आता गाडीचा फोटो काढून नोंद ऑनलाइन करावी लागते, त्यामुळे हे अवघड झालंय. पीयूसी नसेल तर कायद्याने दहा हजारांपर्यंत दंड आहे. पण नुसत्या दंडाच्या भीतीने काढलेली पावती खिशातच राहते. गाडीला तिचा काही उपयोग होत नाही.

नव्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. बीएस-६ च्या डिझेल कारला कणांची मर्यादा किलोमीटरला साडेचार मिलिग्रॅम आहे. बीएस-४ ला ती २५ होती. हे साधायला सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी आली आणि मोठ्या गाड्यांना डीईएफची वेगळी टाकी आली. डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि नायट्रोजनच्या विषारी वायूंचं साधा नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर होतं. युरियाचं नाव ऐकलं की आमच्या भागातला माणूस घरातल्या गोणीकडे बघतो. एका ट्रकवाल्या शेतकऱ्याने तेच केलं. पिंपात युरिया कालवला, फडक्याने गाळला आणि टाकीत ओतला. २०१५ पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. पिकाला तो चांगला. ट्रकच्या इंजेक्टरवर मात्र त्याने पांढरी-पिवळी खपली धरली, चुन्याच्या पुटासारखी. गोणीत जेवढे पैसे वाचले, त्याच्या कितीतरी पट खर्च झाला. म्हणून सांगतो, डीईएफ सीलबंद डब्यातूनच घ्या. आणि ‘ईजीआर बंद करून द्या, जाळी काढून द्या, पिकअप वाढतो’ असं सांगणाऱ्या मेकॅनिककडे गाडी नेऊ नका. ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप. माझ्या मुलाला मी हे काम करू देत नाही. त्यावरून गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

आमच्याकडचा सगळ्यात मोठा धूर मात्र हंगामात असतो. मुळा साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. ट्रॅक्टर तपासणीला माझ्याकडे क्वचितच येतो, म्हणून मीच वाटेत थांबवून बोनेट उघडायला लावतो. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरखाली ऑइलची वाटी असते. हवेतली धूळ तिथं बसावी म्हणून. एकदा अशी वाटी काढली तर आत ऑइल नव्हतंच. थापलेल्या शेणासारखा काळा गोळा होता, त्यात उसाच्या पाचटाचे तुकडे. इंजिनला श्वासच मिळत नव्हता. वाटी रॉकेलने धुतली, खुणेपर्यंत नवं ऑइल भरलं. पंधरा मिनिटांचं काम. धूर तिथल्या तिथं उतरला. फडातल्या धुळीत हे रोज सकाळी बघायला हवं, बैलाला पाणी पाजतात तसं.

हा धूर मोजणारं मात्र इथं कुणी नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणला. त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद), जालना अशी शहरं आहेत. नगर त्या यादीत नाही, मग सोनई कुठली असणार? जिथं हवा मोजायचं यंत्र नाही, तिथली हवा वाईट आहे असं कागद कधीच म्हणणार नाही. शनी अमावस्येची रात्र आणि गाळपाचे महिने, एवढे दिवस तरी या रस्त्यावर एक यंत्र बसवावं, असं मला फार वाटतं. आपल्या जिल्ह्याला तेवढा मान आहे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते नगर धावली आणि विजेवरची पहिली शिवाई बसही १ जून २०२२ ला याच मार्गावर. तशीच एक विजेची गाडी शिर्डी ते शिंगणापूर दिवसभर फिरली, तर कितीतरी जिपा घरी उभ्या राहतील.

तोवर माझं यंत्र म्हणजे रसवंतीवरचे ग्लास. रस्त्याच्या कडेला बैलाच्या लाकडी घाण्यावर रस काढणारं एक कुटुंब आहे. त्यांची मुलगी ग्लास धुऊन फळीवर पालथे घालते. गर्दीच्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्या बुडावर काजळीची साय धरते, बोट फिरवलं की रेघ उमटते. मागच्या शनिवारी तिथं ती एमएच १२ ची जीप उभी होती, भाविक रस पीत होते आणि इंजिन चालूच होतं. मी हाक मारायच्या आत त्या मुलीने ओलं फडकं हातात घेऊनच ड्रायव्हरच्या खिडकीवर टकटक केली आणि फळीवरचा एक ग्लास त्याच्यापुढे धरला. त्याने ग्लासाकडे बघितलं, मग माझ्या टपरीकडे बघितलं आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.